काडी मोडली असती तर

एकोडीच्या गिरजाबाईने नवऱ्याचं दुसरं लग्न स्वतः पुढाकार घेऊन लावून दिलं होतं. पोटी मूल नव्हतं आणि सासू ऊठसूट टोमणे मारायची. परकी कोणी येऊन डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा आपली मावसबहीण बरी, असा विचार करून तिने रुखमिणीला आणलं. नवरा सुखराम पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार. त्याला कोणी विचारलं नाही, आणि तोही नाही म्हणाला नाही. अशा वेळी पुरुष फार आज्ञाधारक होतात.

लग्नाआधी जातीचे पंच बसले. सोमाजी पंच म्हणाले, सरकारी नोकरीचा माणूस आहे, दोन बायका चालायच्या नाहीत. गिरजाची काडीमोड करून टाकू, राहील ती घरातच. रिवाजच होता तो. पंचांसमोर गवताची काडी मोडली की नवरा-बायकोचं नातं सुटलं. सोमाजींनी तणसाची काडी पुढे केली आणि गिरजाबाईने हात मागे घेतला. तेव्हा त्या कालच्या पोरीने, रुखमिणीने, ती काडी ओढून घेतली आणि सरळ चुलीत टाकली.

"मी का बाईचा नवरा हिसकाले आली का? बाई हाये तशीच राहीन."

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

संसार झाला, आणि बरा झाला. रुखमिणीला रीना झाली. तिला दोघींनी वाढवलं, दोघींनी रडत रडत सासरी धाडलं. सुखराम रिटायर झाला आणि लवकरच लकव्याने अंथरुणाला खिळला. गिरजाबाईचे गुडघे गेलेले, म्हणून त्याचं सगळं रुखमिणीनेच केलं. कधी नाक मुरडलं नाही. मग तो गेला, आणि पेन्शन कोणाची हा प्रश्न उभा राहिला.

साकोलीच्या वकिलाने स्पष्ट सांगितलं. पहिली बायको नांदत असताना केलेलं दुसरं लग्न कायदा मानत नाही, पेन्शन गिरजाबाईचीच. रिवाजाने काडीमोड झाली असेल आणि पंच तसं सांगत असतील, तर मात्र धाकटी कायद्याची बायको ठरेल.

"मलेच भेटू द्या," गिरजाबाई म्हणाली. "अर्धे तिच्या हातावर ठेवीन."

"ठेवाल हो आजी, पण तुम्ही आहात तोवर. तुमच्या मागे पेन्शन बंद. धाकटीपुढे अजून केवढं आयुष्य आहे!"

हे काही गिरजाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. सोमाजी अजून जिवंत होते आणि एवढं खोटं बोलायला राजीही होते. भंडाऱ्याच्या बसमध्ये तिने रुखमिणीचा हात धरला.

"मी सांगून देईन, काडी मोडली होती म्हून. तू जलमभर बसून खाशीन."

"खोटं बोलनं तुमाले जड जाईन, बाई."

"नाई जात."

पेन्शनच्या ऑफिसात साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "सुखरामशी तुमची काडीमोड झाली होती का?"

गिरजाबाईने तोंड उघडलं. एक 'हो' म्हणायचं होतं. पण त्या एका 'हो'ने ती इतकी वर्षं त्याची कोणीच नव्हती असं झालं असतं. त्याच्या नावाने फोडलेल्या बांगड्याही फुकट गेल्या असत्या.

"नाई जी," ती म्हणाली. "मीच त्यायची बायको."

साक्षीला आलेले सोमाजी खाली बघत राहिले. परतताना गिरजाबाईला खिडकीची जागा रुखमिणीनेच दिली.

पेन्शन सुरू झाली. गिरजाबाई शब्दाला जागली, अर्धे दर महिन्याला रुखमिणीच्या हातावर पडतात. पण घर बदललं. पूर्वी गिरजाबाई खोकली की धाकटी फिसकन हसायची, "खा आनखी चिंचा!" म्हणायची. आता हातातलं काम टाकून धावत येते, कपाळाला हात लावते, तळ्यावर एकटीला जाऊ देत नाही. जीव लावते, यात शंका नाही. तो बहिणीला की तिच्या पेन्शनला, हे मात्र गिरजाबाईला आता ओळखता येत नाही, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटतं.

या भादव्यात तिला ताप भरला. रुखमिणी उशाशी बसून होती, डोळे सुजेपर्यंत रडलेली.

"बाई, तुमी जगा."

कोणासाठी, हे गिरजाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण ते विचारायचं तोंड तिने त्या साहेबासमोरच घालवलं होतं.