एल्ड्रिडची मधपेटी

सलग दोन वर्षं एल्ड्रिडच्या बागेत बहर भरभरून आला, पण फळ नावालाच धरलं. जी सफरचंदं लागली तीही एका अंगाने खुरटलेली. डोंगरावरच्या म्हाताऱ्याने माश्या पाळणं सोडल्यापासून फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, या काठाला मधमाशी दिसेनाशीच झाली होती. नवऱ्यामागे एकटीने बाग सांभाळणाऱ्या एल्ड्रिडने ठरवलं, आता आपणच पाळायच्या.

शेजारचा तोर्लाइव कुंपणावरून ओरडला, "या वयात? काठी टेकत पेटी उघडणार आहेस का?"

"काठी तुझ्या पाठीत घालायला ठेवलीय."

"माझ्याकडे पाहुणे येतात, एल्ड्रिड. कुणाला चावल्या तर?"

"पेटीचं तोंड पाण्याकडे करते. पण पेटी येणार म्हणजे येणार."

हिवाळाभर ती गावच्या सभागृहात मधमाशीपालनाच्या वर्गाला गेली. मे महिन्यात माश्यांनी भरलेली पेटी आली. पहिल्यांदा उघडताना हात घाईने फिरला आणि मनगटाला डंख बसले. हात सुजून पावासारखा झाला.

दुकानात तोर्लाइवने विचारलं, "फिटली हौस?"

"आत्ता तर कुठे सुरुवात आहे," म्हणत तिने सुजल्या हाताने पिशवी उचलली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी उघडली. या वेळी सावकाश.

जूनमध्ये, सेंट हान्सच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, तोर्लाइवच्या अंगणात पाहुणे जमले होते. आणि नेमक्या तेव्हाच पेटीतल्या निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन उठल्या आणि त्याच्या प्लमच्या फांदीला भलाथोरला घोस करून लटकल्या. खाली जेवणाचं टेबल! पाहुणे पळाले. तोर्लाइवने पाण्याची नळी उचलली.

फळांचं खोकं घेऊन एल्ड्रिड धावत आली आणि फांदीपुढे उभी राहिली.

"बाजूला हो!"

"नाही होणार. आधी मला भिजव."

त्याने खरंच भिजवलं. ती नखशिखांत निथळली, पण तसूभरही हलली नाही. शेवटी तोर्लाइवच्या बायकोने, इंगुनने, जाऊन नळ बंद केला.

घर सोडून निघालेल्या माश्या सहसा चावत नाहीत, असं वर्गात शिकवलं होतं. एल्ड्रिडचा त्यावर पुरता विश्वास नव्हता. तोंडावर जाळीही नव्हती. तिने खोकं खाली धरून फांदीला एक जोरदार हिसका दिला. घोस धप्पकन आत पडला. मग उरलेल्या माश्या आत शिरेपर्यंत ती तोर्लाइवच्याच खुर्चीत बसून त्याच्याच घरची साईची लापशी खात राहिली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी तिने त्या माश्या नव्या, दुसऱ्या पेटीत वसवल्या.

शरदात तिची सफरचंदं चारी बाजूंनी गोल भरली. तोर्लाइवची प्लमची झाडंही लगडली.

"हवा चांगली होती यंदा," तो म्हणाला.

"होती ना. दोन पेट्यांची हवा."

तो तणतणत आत गेला. इंगुन मात्र कुंपणापाशीच थांबली.

"पुढच्या वसंतात मलाही एक पेटी हवीय."

"तोर्लाइवला विचारलंस?"

"सांगितलं," इंगुन म्हणाली.