दोन्ही हात मोकळे

"जोर करू नकोस!" असं नाझारियाला ओरडायचं होतं. पण ओरडायचं तर गळ्यावरच्या भोकावर अंगठा दाबून धरावा लागे, आणि त्या घडीला तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. डाव्या तळव्यावर बाळाचं डोकं टेकलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं बाळाच्या मानेभोवती बसलेला नाळेचा वेढा सैल करत होती. तिने तोंड उघडलं, ओठ हलवले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा बाहेर पडली.

खाटेवरच्या दार्लिनला काहीच कळलं नाही. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण ती. कळ आली तसा तिने जीव खाऊन जोर केला. नाझारियाने फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटला, एकदा, दोनदा.

"अगं, काय झालं? पाय काय आपटतेस?" दार्लिनची सासू एर्मिला दचकून म्हणाली.

वेढा निघाला. बाळ रडलं. पण त्या एका जोराने दार्लिनला मोठी फाट गेली. खाडीला भरती होती. तिला होडीतून पलीकडे नेलं आणि तिथून दवाखान्यात. अकरा टाके पडले.

तिसऱ्या दिवशी एर्मिला स्वतः नाझारियाच्या दारात आली. येताना केळीच्या पानात बांधून नारळाच्या दुधातला भात आणि तळलेला मासा आणला होता, तेव्हाच नाझारियाने ओळखलं की ही काहीतरी वाईट बोलायला आलीय.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं. माझी चारही पोरं तुझ्याच हातची. पण सुईणीला बोलता यायला पाहिजे गं बाई. धाकट्या सुनेला पाचवा लागलाय. तिच्यासाठी आम्ही दुसरी कोणी बघतो."

नाझारियाने अंगठा गळ्यावर ठेवला. "बघ की," ती म्हणाली. "भात ठेव तिथे. आणि जाताना दार ओढून घे."

नाझारिया रिआस्कोस अठ्ठावन्न वर्षांची होती. बुएनाव्हेंतुराच्या बंदराजवळ, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभ्या असलेल्या त्या वस्तीत छत्तीस वर्षं ती सुईणपण करत होती. तिच्या हातावर जन्मलेल्यांची पोरंसुद्धा तिच्याच हातावर जन्मली होती. दीड वर्षापूर्वी तिच्या स्वरयंत्रात कॅन्सर निघाला. काली शहरातल्या डॉक्टर शिमेना आर्बोलेदा यांनी ते सगळं काढून टाकलं आणि जीव वाचवला. आता ती गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून श्वास घेई. आत श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवली होती. भोक दाबलं की हवा त्या झडपेतून तोंडात जाई आणि आवाज उमटे. जाड, घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या खलाशासारखा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं, कोण बोललं म्हणून.

पुढच्या तपासणीला ती कालीला गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी गळ्यात बॅटरीचा उजेड टाकून समाधानाने मान हलवली. "छान भरलंय. काही तक्रार?"

"आहे. तुम्ही मला आवाज दिलात आणि एक हात काढून घेतलात."

डॉक्टरबाईंनी बॅटरी बंद केली. मग त्यांनी तिची ओळख फाब्रिसिओ लेनिसशी करून दिली. विद्यापीठात यंत्रांचे आराखडे करायला शिकवणारा हा तिशीतला माणूस, कानामागे पेन्सिल खोचलेली आणि बोलताना सतत हवेत काहीतरी काढून दाखवणारा. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक नवी टोपी बनवली होती, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. गळ्यावर गोंदाची चकती चिकटवायची, तिच्यात टोपी बसवायची. साधा श्वास चालू असला की टोपी उघडी राहायची. बोलायला जोर लावला की आपोआप मिटायची. बोट लावायची गरज नाही.

त्याने चकती चिकटवली. नाझारियाने दोन्ही हात वर केले, पंजे पसरले, आणि म्हणाली, "हे बघा." फाब्रिसिओ लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला.

कालीच्या थंड खोलीत टोपी दिवसभर टिकली. बुएनाव्हेंतुरात ती चाळीस मिनिटं टिकली. वर्षातले बहुतेक दिवस पाऊस, कपडे दोरीवर चार चार दिवस ओले, आणि घाम गळ्यावरून असा ओघळे की चकतीची एक कड सुटे, मग दुसरी, मग फर्रकन हवा जाई आणि आवाज तुटे. नाझारियाने फोन केला.

"दमट हवेत थोडा त्रास होणारच, मावशी," फाब्रिसिओ म्हणाला. "पंख्याखाली बसत जा. जड कामं टाळा."

"बाळंतपण पंख्याखाली बसून होतं का रे? तुझ्या आईचं झालं होतं?"

त्याने दुसरा गोंद पाठवला. तोही सुटला, शिवाय जाताना कातडी घेऊन गेला. तरी त्याच्या चाचणीच्या कोष्टकात लिहिलं होतं की सातपैकी पाच रुग्ण दिवसभर बोलू शकतात. ते पाचही जण कालीतले निवृत्त पुरुष होते. त्यातला एक तर दिवसभर पत्ते खेळत बसे.

त्या वर्षी कालीच्या एका मोठ्या हॉटेलात डोक्या-मानेचे सर्जन आणि इंजिनिअर यांची परिषद भरली. बऱ्याच देशांतून लोक आले होते. फाब्रिसिओने नाझारियाला बोलावून घेतलं आणि हातात एक कागद दिला. त्यावर तीन वाक्यं होती: मला माझा आवाज परत मिळाला. मी पूर्वीसारखीच कामाला लागले आहे. मी सर्वांची आभारी आहे.

"मधलं खोटं आहे," नाझारिया म्हणाली.

"मावशी, एवढं म्हणा फक्त. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळायचीय. ती मिळाली की मग सगळं सुधारू."

तिला मंचावर नेलं. तिने आपला पिवळा झगा घातला होता, डोक्याला तसंच पिवळं फडकं. दिव्यांच्या उजेडात समोरचं काही दिसत नव्हतं, नुसती कुजबुज आणि खोकणं ऐकू येत होतं. हात खाली सोडून तिने पहिलं वाक्य म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"इथे थंडी आहे," ती म्हणाली. "म्हणून हे चिकटलंय."

आणि तिने सगळ्यांसमोर ती चकती गळ्यावरून ओढून काढली. पहिल्या रांगेतून कोणीतरी अर्धवट उठलं. तिने भोकावर अंगठा दाबला.

"मी सुईण आहे. माझ्या गावी हे चाळीस मिनिटं टिकतं. बाळ यायला कधी चौदा तास लागतात. बाळाच्या गळ्यात नाळ अडकली की मला दोन हात लागतात, आणि त्याच वेळी आईला सांगावं लागतं, थांब म्हणून. मला सांगता आलं नाही. त्या पोरीला अकरा टाके पडले." ती श्वासासाठी थांबली. भोक उघडं करून तिने सावकाश दोनदा हवा आत घेतली, आणि सगळं सभागृह तेवढा वेळ थांबून राहिलं. "तुम्ही सगळे माझ्या गळ्यात बघता. बाई, तू काम काय करतेस, असं कोणी विचारलं?"

मग पहिल्या रांगेतून डॉक्टर आर्बोलेदांचा आवाज आला. "मी नाही विचारलं."

बाहेर बोळात फाब्रिसिओने तिला गाठलं. त्याचे कान लाल झाले होते. "तीन वर्षं, मावशी! तीन वर्षं घातलीत आम्ही यात. दोन मिनिटांत माती केलीत तुम्ही!"

"तुझी तीन. माझी छत्तीस."

"मग करू काय मी? सांगा ना!"

"तू ये तिकडे. यंत्राला जिथे घाम फुटतो, तिथे तुलाही फुटू दे."

रागाने निघून गेलेला माणूस पंधरा दिवसांनी खरंच आला. नाझारियाने त्याला पहिल्याच सकाळी स्वतःची चकती स्वतःच्या गळ्यावर चिकटवायला लावली आणि पाण्याच्या बादल्या उचलायला सांगितल्या. चौथ्या फेरीला चकती घामाबरोबर घसरत त्याच्या बेंबीपर्यंत गेली. शेजारणी फळ्यांवर बसून पोट धरून हसल्या.

दुपारी नाझारियाचा दीर किनाऱ्यावर होडीचं भोक बुजवत होता. फाब्रिसिओ उकिडवा बसून बघत राहिला.

"बघतोस काय?" नाझारिया म्हणाली. "बाहेरून नुसतं चिकटवून लाटेत टिकत नाही. तो आतून बूच मारतोय. आतल्या बाजूला रुंद, म्हणजे पाण्याने ढकललं तरी निघत नाही."

"गळ्यात आत बूच? आतली कातडी फार नाजूक असते."

"मग मऊ कर. आणि माझ्या भोकाचा साचा घे. त्या पत्तेवाल्या बाप्यांच्या मापाचं मला कसं बसेल?"

फाब्रिसिओने कानामागची पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला काढायला लागला.

डॉक्टरबाईंनी तिच्या गळ्याचा साचा घेतला. त्यावरून मऊ रबरासारख्या पदार्थाचं, आतल्या बाजूला ओठासारखी कड असलेलं बूच तयार झालं. टोपी त्यात बसायची, गोंद लागायचाच नाही. पहिल्या बुचाने रक्त काढलं. दुसरं एका खोकल्यासरशी उडालं आणि फळ्यांच्या फटीतून खाडीत पडलं. "आता मासे बोलतील," नाझारिया म्हणाली. तिसऱ्यातून हवा गळायची. चौथं बसलं.

ह्यात नऊ महिने गेले. एव्हाना एर्मिलाची धाकटी सून दुसऱ्या सुईणीकडे बाळंत झाली होती, सुखरूप. मुलगी झाली.

मग फाब्रिसिओने नियतकालिकात पाठवायचा लेख फोनवर वाचून दाखवला. "रुग्ण क्रमांक सात हिच्या सूचनेवरून," असं त्यात एके ठिकाणी आलं.

"ही सात कोण?"

"तुम्हीच की. रुग्णाचं नाव छापायचं नसतं मावशी, नियम आहे."

"बूच आतून बसवायचं, हे रुग्णाने सांगितलं का सुईणीने?"

"सुईणीने," तो म्हणाला.

"मग सुईणीचं नाव घाल. मला चालतं."

लेख छापून आला तेव्हा लेखकांच्या यादीत शेवटून दुसरं नाव होतं: नाझारिया रिआस्कोस, सुईण, बुएनाव्हेंतुरा. विद्यापीठात त्यावरून वाद झाला असं तिच्या कानावर आलं. कोणाशी आणि किती, ते फाब्रिसिओने सांगितलं नाही.

जूनमध्ये नदीच्या वरच्या अंगाने एक बाई होडीतून आली. एकटीच, तिसऱ्या खेपेची, मूल पायाळू. वस्तीत आणखी कोणी ते हातात घ्यायला तयार होईना. सकाळी सातला नाझारियाने तिला आपल्याच खाटेवर घेतलं.

"थांब," ती त्या जाड आवाजात सांगत होती, दोन्ही हात बाळाच्या कमरेशी. "आत्ता नको. फुंकर घाल, नुसती फुंकर. माझ्याकडे बघ. मी सांगते तेव्हा. अजून नको... अजून नको... आता!"

दुपारी तीनच्या सुमाराला मुलगा झाला. फाट नाही, टाका नाही. नाळ बांधून होते न होते तोच नाझारियाला ठसका आला आणि बूच निघून तिच्या ओच्यात पडलं.

संध्याकाळी फाब्रिसिओचा फोन आला. "टिकलं?" त्याने आधी तेच विचारलं.

"आठ तास," ती गळ्यावर अंगठा दाबून म्हणाली. "मग खोकल्याने गेलं. तेही लिही. पाचवं कधी करतोस?"

फोन ठेवून तिने बूच साबणाने धुतलं आणि दारातल्या दोरीवर बाळाच्या दुपट्यांशेजारी चिमट्याने अडकवलं. आत आई आणि मूल दोघंही झोपली होती. नाझारिया उंबऱ्यावर बसली, गळा उघडा, हात मांडीवर पसरलेले. वल्हवत जाणारी एक शेजारीण ओरडली, "काय गं, मुलगा का मुलगी?"

नाझारियाने हात उचलला नाही. शेजारणीकडे बघून ती नुसती हसली आणि होडी वळणाआड जाईपर्यंत तशीच बसून राहिली.