एकोणिसाव्या मिनिटाला

दर रविवारी दुपारी दोन वाजता ‘मिसाकी’ या कॉफीच्या दुकानात जमायचं आणि एका रविवारी एकच सीडी ऐकायची, असं चौघांचं ठरलं होतं. संच होता आठ सीडींचा. अमेरिकेतला इलेक्ट्रिक पियानोवाला क्लाइड मॅब्री १९७३ च्या नोव्हेंबरात आपली सात जणांची टोळी घेऊन जपानात आला होता. त्या दौऱ्यातले सगळे कार्यक्रम यात होते, एक सेकंदही न कापता. तेव्हा त्यातली फक्त चाळीस मिनिटं रेकॉर्डवर आली होती, आणि तीही निरनिराळ्या रात्रींचे तुकडे एकमेकांना शिवून. लोकांनी एकोणपन्नास वर्षं त्या तुकड्यांवरच भागवलं.

घरी आधी ऐकायचं नाही, हा करार एबिनाने करवून घेतला होता. एबिना रेल्वेत वेळापत्रकाच्या कचेरीत होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्याला सगळं क्रमानेच लागे. काजितानीबाई दातांच्या डॉक्टर. त्या तासभर बेस गिटारकडे कान लावून बसत, बाकीचे सहा जण वाजवतायत याची त्यांना पर्वा नसे. तिसरा त्सुगे. त्याने योनागोच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली होती आणि बर्फ फोडायच्या यंत्राने त्याचा डावा कान खाल्ला होता. चौथा मास्टर, दुकान त्याचंच. मास्टरला आडनावही होतं, पण ते वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मिसाकीत एकच नियम होता. संगीत चालू असताना बोलायचं नाही. कॉफीसुद्धा बोटाने दाखवून मागायची. नवं कुणी येऊन गप्पा मारायला लागलं, तर मास्टर काही बोलत नसे, नुसता त्या टेबलाशी जाऊन उभा राहत असे.

चौथी सीडी म्हणजे ओसाकाची दुसरी संध्याकाळ. त्या संध्याकाळी त्सुगे हॉलमध्ये होता. लग्नाला चार महिने झाले होते आणि फुमिए सोबत होती. पहिल्या गाण्यात एका जागी मॅब्रीने सगळ्यांना हाताने थांबवलं होतं. बेस थांबला, ढोल थांबले, हजारो माणसं गप्प. आणि त्या गप्पपणात फुमिएच्या तोंडून निघालं, “वा!”

ही गोष्ट त्सुगेने मिसाकीत इतक्यांदा सांगितली होती, की एबिना ती त्याच्या आधी संपवत असे.

फुमिएचं म्हणणं वेगळं होतं. “वा कसलं? मी म्हटलं, भूक लागलीय. आणि त्यावर तुम्ही काय केलंत ते सांगा की लोकांना.” मग ती हसायची. त्सुगेही हसायचा आणि म्हणायचा, “तू वाच म्हणालीस. मी शेजारी होतो.” या एका गोष्टीवर दोघांचं अठ्ठेचाळीस वर्षं जमलं नाही. भांडण असं नव्हतं ते. पाहुणे आले की निघायचं आणि पाहुणे गेले की मिटायचं.

गेल्या वर्षी मार्चात फुमिए वारली. मग काही महिन्यांनी त्सुगेच्या लक्षात आलं, की तिचा आवाज घरात कुठेच नाही. फोटो होते, विणलेले स्वेटर होते. फोनवरचा निरोप यंत्राच्या आवाजात होता. कुणी कॅमेरा चालू केला की ती हात हलवून बाजूला व्हायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, आठवून पाहिलं तरी आवाज येत नव्हता. ती काय म्हणायची ते आठवे, पण ते त्याच्याच आवाजात ऐकू येई.

त्यानंतर या संचाची बातमी आली. स्वतःसाठी एक मागवणं त्याला कठीण नव्हतं. पण घरच्या खोलीतलं रेकॉर्ड ऐकायचं सामान त्याने दीड वर्षात चालू केलं नव्हतं, आणि हे एकट्याने ऐकायची त्याची छाती नव्हती. एबिनाला त्याने एवढंच सांगितलं, “मिसाकीचे स्पीकर बरे आहेत.”

त्या रविवारी तो दीडलाच येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट घालून.

“अरे वा, नवरदेव!” एबिना आत येता येता म्हणाला. “दाढीबिढी करून?”

“तुझ्यासारखं भिजलेल्या मांजरासारखं यायचं का?”

“तुझी संध्याकाळ आहे लेका, आज तुला सगळं माफ.” एबिना आणि तो शाळेपासून एकत्र. एबिनाने संचाबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका टेबलावर आपटली. “पण मागच्या रविवारचं राहिलंय. तिसऱ्या सीडीत ढोलवाला डावीकडे वाजतोय. फोटोत बघा, उजवीकडे बसलाय. म्हणजे कंपनीने डावं-उजवं उलटं केलंय.”

“तो फोटो दुसऱ्या गावचा आहे एबिनासान,” काजितानीबाई म्हणाल्या. “पाठीमागचा पडदा वेगळा दिसतो.”

“पडदा बदलतात. ढोलवाले जागा बदलत नाहीत.”

“तुमच्या गाड्या बदलत नसत, म्हणून जगात कुणीच जागा बदलू नये का?”

मास्टर काचा पुसत होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सीडी घातली. दोघं जागच्या जागी गप्प झाले.

टाळ्या, खोकले, खुर्च्यांची कुरकुर. मॅब्री एक सूर दाबून धरतो, दाबूनच ठेवतो, आणि मग खालून बेस वर येतो. काजितानीबाईंनी डोळे मिटले. त्सुगेने मिटले नाहीत. तो यंत्रावरचे हिरवे आकडे बघत होता. अकरा मिनिटं. चौदा. गिटारवाला भडकला आणि शांत झाला. सतरा.

अठराव्या मिनिटाच्या शेवटी सगळं थांबलं. दुकानातला फ्रिज ऐकू यायला लागला. आणि डाव्या बाजूने, बऱ्याच लांबून, काहीतरी आलं. बाईचा आवाज, एक दोन शब्द, आणि त्यामागे खसकन काही. त्सुगेने मान वळवून उजवा कान पुढे केला तोवर मॅब्रीचा हात पुन्हा पट्ट्यांवर पडला होता.

शब्द त्याला कळले नाहीत.

त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. एबिना पुस्तिकेत बघत होता. पुस्तिका उलटी होती. काजितानीबाईंनी डोळे उघडले होते आणि त्या मास्टरकडे बघत होत्या. मास्टर मागच्या दाराने आत गेला.

पुढची चाळीस मिनिटं त्सुगेला काय वाजलं ते सांगता आलं नसतं.

सीडी संपली. एरवी पहिला शब्द कोण बोलतो यावर चढाओढ असे.

“गिटार,” एबिना शेवटी म्हणाला. “गिटार पहिल्या रात्रीपेक्षा उजवं.”

“हो. खूपच,” काजितानीबाई म्हणाल्या. त्या गिटारबद्दल आयुष्यात पहिल्यांदा काही बोलत होत्या.

“आणि ते जुन्या रेकॉर्डवर कापलेलं, तेरा मिनिटांनंतरचं...”

“एबिना,” त्सुगे म्हणाला. “ती काय म्हणाली?”

“कोण?”

“मला डावीकडचं ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. काय म्हणाली?”

“नीटसं कळलं नाही रे. हॉल मोठा. कुणी दुसरीच बाई असेल. शेकडो बायका असतील तिथे.”

“वेळापत्रकवाल्याला खोटं जमत नाही,” काजितानीबाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची त्सुगेकडे वळवली. दात काढायचाच आहे हे पेशंटला सांगताना त्या अशाच बसत असाव्यात. “त्सुगेसान, फुमिएसान ओकीच्या ना? बेटावरच्या?”

“हो.”

“बोली तिथलीच आहे. ओसाकाच्या हॉलमध्ये तशी बोलणारी दुसरी बाई कुठून येणार? पण वा नाही म्हणाल्या त्या.”

त्सुगे डाव्या स्पीकरकडे बघायला लागला.

“भूक लागली म्हणाल्या.”

एबिना एकदम म्हणाला, “त्यात काय! भूक कुणालाही लागते. संगीत ऐकूनसुद्धा लागते.”

“परत लावा,” त्सुगे म्हणाला.

मिसाकीत एका दिवशी एक गोष्ट दोनदा वाजत नसे. हा लिहिलेला नियम नव्हता, पण तीस वर्षांत तसं घडलं नव्हतं. मास्टर बाहेर आला, त्याने काही न विचारता सीडी पुन्हा घातली आणि बटण दाबून आकडे अठरावर नेले. त्सुगे उठला. डाव्या स्पीकरच्या समोर जाऊन, उजवा कान जाळीला लागेल असा, गुडघ्यांवर बसला. बहात्तराव्या वर्षी गुडघे वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं.

सगळं थांबलं. फ्रिज.

“अहो, लई भूक लागलीया.”

आवाज कोवळा होता, तो ओळखीचा वाटला नाही. पण शेवट ओढून तो जरा वर नेणं तिचंच होतं. सत्तरीतही ती तसंच बोलायची. दाराशी आलेल्या मासेवाल्याशी, मांजराशी. त्सुगेला ते ऐकता ऐकता आठवलं. तिचा खरा आवाज, म्हातारपणीचा, त्या पोरीच्या आवाजामागून आला आणि पूर्ण आला.

आणि त्याच्यावरच, लगेच, तिच्यापेक्षा मोठ्याने, एका तरुण माणसाचं, “शूऽऽ!”

मॅब्रीचा हात पडला. मास्टरने यंत्र बंद केलं.

त्सुगे खाली बसूनच राहिला.

“तो गाढव कोण होता कुणास ठाऊक,” एबिना म्हणाला. शांतता त्याला सहन होत नव्हती. “बिचारी हळूच बोलली. त्याच्या शूनेच जास्त घाण केली. मी असतो तर...”

“मी होतो,” त्सुगे म्हणाला.

एबिनाचं तोंड उघडं राहिलं. काजितानीबाईंनी मान खाली घातली, त्यांना ते आधीच कळलं होतं.

“ती म्हणायची, तुम्ही काय केलंत ते सांगा. मला वाटायचं, गंमत करते.” त्सुगेने जमिनीला हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मग एबिनाने त्याला काखेत धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. “रात्रीच्या गाडीने गेलो होतो. जागा आधी ठरवता येत नव्हत्या, जो आधी येईल त्याला पुढची जागा. सकाळी सातला मी तिला रांगेत उभं केलं. संध्याकाळी साडेसहापर्यंत. ती म्हणाली, कोपऱ्यावर नूडलवाला आहे, पाच मिनिटांत जाऊन येते. मी म्हटलं, रांग सरकली तर? ती गेली नाही.”

“पोर होतास तू,” एबिना म्हणाला.

“पुढे थोडाच पोर होतो?”

घरातल्या खोलीचं तो बोलला नाही, पण त्या खोलीत एबिना शंभरदा बसला होता, त्यामुळे त्याला माहीत होतं. काचेचं सरकतं दार. आत रेकॉर्ड चालू असली की फुमिए बोलत नसे. कागदावर लिहून काचेला लावायची. ‘आंघोळीचं पाणी तापलं.’ ‘तुमच्या भावाचा फोन.’ ‘जेवण.’ त्सुगे मान हलवायचा. एबिनाला तेव्हा वाटे, किती समजूतदार बायको! घरी जाऊन त्याने स्वतःच्या बायकोला तसं सांगितलंही होतं आणि त्यावरून भरपूर ऐकून घेतलं होतं.

कागद त्सुगेने कधी ठेवले नव्हते. ठेवण्यासारखं त्यात काय होतं?

“तीच बरोबर होती,” तो म्हणाला. “अठ्ठेचाळीस वर्षं मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं.”

“तिने कुठे मनावर घेतलं होतं?” एबिना म्हणाला.

“तुला काय माहीत?”

मास्टरने चार कॉफ्या आणून ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. पाचवी सीडी पुढच्या रविवारी, हे ठरलेलंच होतं, आणि एरवी या वेळी मास्टर एखादी जुनी रेकॉर्ड काढून लावत असे. आज त्याने कपाटाला हात लावला नाही. तो पहिल्यांदाच गल्ल्यामागून बाहेर येऊन त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

“सांगा,” तो म्हणाला. “त्या दिवसाचं सांगा. आज काही चालू नाही.”

त्सुगेने सांगायला सुरुवात केली. मॅब्रीचा पिवळा शर्ट. पियानोची एक पट्टी तुटलेली, तिला चिकटपट्टी लावलेली, पहिल्या रांगेतून दिसत होती. बेसवाल्याने मध्येच तार बदलली. सहा गाणी, त्यांचा क्रम, आणि शेवटी लोकांनी ओरडून परत बोलावल्यावर सातवं. मॅब्री जाताना वाकला नाही, नुसता हात वर केला. हॉलमधून स्टेशनपर्यंत ते धावत गेले, कारण दुसऱ्या दिवशी त्सुगेला कामावर जायचं होतं. फलाट क्रमांक सहा. एबिनाने मान हलवली, क्रमांक बरोबर होता.

“मग?” काजितानीबाईंनी विचारलं. “कार्यक्रमानंतर काय खाल्लंत?”

त्सुगेने तोंड उघडलं. स्टेशनवरचे खाऊचे गाळे उघडे होते का? गाडीत कुणी डबे विकत होतं का? फुमिए खिडकीशी बसली होती आणि तो तिला गिटारबद्दल सांगत होता. तेवढं आठवत होतं. तिच्या मांडीवर काही होतं का?

“आठवत नाही,” तो म्हणाला. “तिने काही खाल्लं की नाही, तेच आठवत नाही.”

“घरी येऊन खाल्लं असेल,” एबिना म्हणाला.

“असेल.”

एबिनाने पुस्तिका मिटून खोक्यात ठेवली. मग कुणी काही बोललं नाही. स्पीकर बंद होते, तरीसुद्धा.