रोलरच असणार

“रोलरच असणार,” असं म्हणत लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या काकांनी गुडघे टेकले, आणि तिचं दार त्यांच्या नाकासमोर अर्ध्यावर आलं, थबकलं, आणि सावकाश परत उघडलं.

“मागच्या वेळीही रोलरच होता,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. “त्याच्या मागच्या वेळीही. आणि त्याच्याही आधी तर तुम्ही दोन बदललेत. अहो, माझ्या चपलांचे तळ इतक्या वेळा बदलले नसतील!”

सेक्रेटरीबाई या पाच मजली इमारतीच्या कारभारीण. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर खुर्ची टाकून त्या बसल्या, की जिन्यावरून मांजरसुद्धा दबकून जायचं. त्यांची तक्रार साधी होती. रोज दुपारी चारच्या सुमाराला लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली, की दार उघडायचं आणि बंद व्हायचं नावच घ्यायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं आपलं आपण ठीक. काका यायचे सकाळी. सकाळी दार असं वागायचं, जणू त्याच्याइतकं गुणी दार जगात नाही. काका दार ज्यावर सरकतं तो रोलर बदलायचे, सही घ्यायचे, जायचे. ऑफिसातली पोरं त्यांना पाठीमागे ‘रोलरकाका’ म्हणायची, ते काही उगीच नाही.

आज बाईंनी ठणकावून चारला बोलावलं होतं. त्यात सकाळी साहेबांनी, म्हणजे काकांच्या मुलाहून लहान असलेल्या साहेबांनी, ऐकवलं होतं, “काका, एकाच इमारतीची चौथी तक्रार. आज निकाल लावा. नाहीतर सोमवारपासून फिरती बंद, स्टोअरला बसा.” स्टोअर म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली. सव्वीस वर्षं शहरभर गच्च्या आणि जिने पालथे घातलेल्या माणसानं तिथे बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या! काकांना सकाळपासून चहासुद्धा गोड लागला नव्हता.

आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, तिथे बाईंची नात होती. वय सहा, पुढचे दोन दात गायब, तोंडाला विश्रांती नाही.

“आजोबा, लिफ्टला चार वाजता झोप येते का?”

“नाही.”

“मग ती तुमच्यावर रुसलीये?”

“लिफ्ट रुसत नसते. आणि आजोबा काय? काका म्हण.”

“पण केस तर पांढरेत.”

काकांनी दात ओठ खात स्क्रू पिळला. दारात कोणी उभं असलं तर दार थांबवणारा सेन्सर त्यांनी पुसला होता, तपासला होता. धडधाकट होता. मग उरला कोण? रोलर. दहापैकी नऊ वेळा रोलरच असतो, आणि हे काही थाप मारून म्हणत नव्हते ते. खरंच असतो.

ती जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. “आजोबा, मी इथे उभी राहिले ना, की दार बंद होतं.”

“बरं.”

“खरंच होतं!”

“बाळा, मी सव्वीस वर्षं हे काम करतोय.”

“मी सहा वर्षांची आहे,” ती म्हणाली. दोघांनी आपापले आकडे सांगायचं ठरलंय असं तिला वाटलं असावं.

तेवढ्यात दार सरसर आलं आणि खट्‌ करून बंद झालं. काका उठलेच. “बघा बाई! बसला की नाही रोलर?”

पोरगी खिडकीपासून बाजूला झाली. काकांनी बटण दाबलं. दार उघडलं, अर्ध्यावर आलं, परत गेलं.

ती पुन्हा खिडकीपाशी गेली. दार बंद.

“नाचू नकोस गं मध्ये मध्ये!” बाई ओरडल्या.

“थांबा,” काका म्हणाले. “सरक बघू बाजूला.”

ती सरकली. काकांनी बटण दाबलं. दार उघडं ते उघडंच.

“आता उभी राहा.”

ती उभी राहिली. बंद.

जिन्याच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येत होतं. पोरीची सावली दाराच्या कडेवर पडत होती, नेमकी सेन्सरवर. ती हलली की तिथे ऊन थेट घुसत होतं, आणि बिचारा सेन्सर गोंधळून दार उघडं धरत होता.

“इथे पूर्वीपासून एवढं ऊन येतं?” काकांनी विचारलं.

“छे हो! समोरचं गोदाम पाडलं ना गेल्या महिन्यात. तेव्हापासून नुसती भट्टी झालीये.”

“आणि लिफ्ट कधीपासून बिघडली?”

“गेल्या महिन्या...” म्हणता म्हणता बाई खिडकीकडे वळल्या.

“मी तुला सांगितलं होतं, आजी,” नात म्हणाली. “दोनदा.”

“त्याच दिवशी तू फ्रिजमध्ये चंद्र राहतो असंही सांगितलं होतंस!”

“तेही बघितलं मी. नाही राहत.”

काका पायरीवर बसले. संताप येत होता, पण तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी कामाला लागले तेव्हा काहीच येत नव्हतं, म्हणून ते दहा गोष्टी करून बघायचे. वायर हलव, दार ठोक, कान लाव. मग यायला लागलं. दहाच्या पाच झाल्या, पाचाची एक झाली. त्यांच्या त्या नऊ बरोबर उत्तरांनीच त्यांचा घात केला होता.

त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडून खिडकीच्या काचेला चिकटवला. दार बंद झालं. दहा वेळा लिफ्ट वरखाली केली, दहाही वेळा झालं.

फोन वाजला. साहेब.

“झालं काका? रोलर ना? मी टाकतो तसं, तक्रार बंद करतो.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. नवा रोलर पिशवीत होताच.

“रोलर नव्हता, साहेब. ऊन होतं.”

“ऊन?... मग आधीचे चार?”

“चांगले होते चारही. मी चुकून बदलले.”

“काका, असं लिहिलंत तर मला वर काही सांभाळता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय. सोमवारी स्टोअरला येतो.”

त्यांनी फॉर्म भरला. बदललेला भाग : काही नाही. कारण : ऊन. आधीचं निदान चुकलं. बाईंनी सही करताना ते वाचलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, “आता कायमचं झालं ना?”

“ठाऊक नाही,” काका म्हणाले. “ऋतू बदलला की ऊन सरकेल. पुन्हा बघावं लागेल.”

काम संपलं होतं, पण काका निघाले नाहीत, पुन्हा पायरीवर बसले. त्यांनी पिशवी बाजूला सरकवून पायरीवर जागा केली.

“बस,” ते पोरीला म्हणाले. “आणखी काय काय करून बघितलंस?”

ती बसली, आणि सांगायला लागली. पहिल्या चार गोष्टी साफ वेडगळ होत्या. काकांनी पाचवी विचारली.