सुतळीच्या दोन गाठी

वडील गेल्यापासून मुलुंडच्या मैदानावरचा गवत कापायचा ट्रॅक्टर उभाच होता. कापणीयंत्र फिरवणारा शाफ्ट तुटला होता. नवा हवा तेवढा कापून आणायला रत्नप्रभा वडिलांची मापाची सुतळी घेऊन कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानात आली. सुतळीला दोन गाठी होत्या, एक यंत्र जमिनीला टेकलेलं असतानाच्या मापाची, दुसरी उचलल्यावरच्या आखूड मापाची.

"कुठल्या गाठीला कापू?" दुकानदार रतनशेठनी विचारलं.

"आखूड मापाला. लांब राहिला तर उचलताना गिअरबॉक्स फुटतो."

"अगदी तुझ्या बापासारखं, लवूदादासारखं बोलतेस गं. तो का नाही आला?"

"परवा बारावं झालं."

शेठ उठून मशीनकडे वळले. शाफ्ट कापल्यावर, वापरून झालेल्या मापाने पुढे कुणाची चूक होऊ नये म्हणून, ते सवयीने गाठ सोडू लागले.

"राहू द्या ती," म्हणत तिने सुतळी पर्समध्ये ठेवली. शाफ्ट किती जड आहे, हे मैदानापर्यंत तिला जाणवलंच नाही.