तपासलेली फ्लॉपी

प्रणिता लातूरला कॉम्प्युटर शिकून केजला परत आली, तेव्हा वैजिनाथअप्पांनी आपल्या कापडदुकानाचा पुढचा कोपरा फळ्या ठोकून लेकीला मोकळा करून दिला. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, असली कामं तिच्याकडं येऊ लागली. तिची शिस्त कडक होती. गिऱ्हाइकानं आणलेली फ्लॉपी ती आधी व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामनं तपासायची आणि मगच उघडायची. लोक हसायचे. "फ्लॉपीला बी दवाखाना लागतो व्हय?" पण तिच्याकडून आलेली फ्लॉपी बिनधास्त घालावी, असं गावात झालं होतं.

उत्तरेश्वर गुरुजी तिला चौथीला होते. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, माणसं दहा दिशांना पांगली होती. नोकरीतून सुटल्यावर गुरुजी एस्टीनं, जीपनं त्या माणसांना शोधत फिरले. जत्रेचा झगडा, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, कोण कुणाच्या ओट्यावर बसायचं, हे सगळं त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर उतरवून घेतलं होतं. मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला, तसे ते प्रणिताकडं आले.

"मला मराठी टायपिंग शिकव बाई. हे मीच लिहिणार."

तिनं शिकवलं. मराठी अक्षरांचा प्रोग्राम आपल्याकडच्या सीडीवरून फ्लॉपीवर घेतला, दोनदा तपासला आणि त्यांच्या घरी जाऊन बसवून दिला. निघताना बजावलं, "गुरुजी, आता ह्याच्यात कुणाचीच फ्लॉपी घालू नका. रोग फ्लॉपीतूनच येतो. बाहेरचं काही आत गेलं नाही, की तुम्हाला भीती नाही."

गुरुजींनी ते अक्षरशः पाळलं. नातवाला खेळाची फ्लॉपीसुद्धा लावू दिली नाही. आपल्या लिखाणाची प्रत काढायला म्हणूनही कधी फ्लॉपी आत घातली नाही. लिहून झालेले कागद त्यांच्या पत्नी भिवराबाईंनी चुलीला लावायला मागितले तेव्हा म्हणाले, "घे. आता समदं आत हाय."

नव्याण्णव सालच्या एप्रिलात, लग्नसराईच्या ऐन गर्दीत, एका सोमवारी सकाळी प्रणिताचा कॉम्प्युटर काम करता करता थांबला. बंद करून परत लावला तर पंखा फिरत होता, पडदा काळा. तिला वाटलं, विजेचा दाब कमीजास्त झाला असेल. तेवढ्यात पतसंस्थेचा बंकट धापा टाकत आला.

"ताई, आमचं मशीन मेलं! अन् कॉलेजातलं बी मेलंय म्हणत्यात."

दोन्हीकडं मराठी अक्षरं तिनंच बसवली होती. समोरच्या एसटीडी बूथवरून तिनं लातूरला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सिद्धाराम तिच्या ओळखीचा होता. सकाळपासून त्याच्याकडं तेच चाललं होतं.

"व्हायरस हाय. सव्वीस एप्रिलची वाट बघत बसतो. आज मशीन लावलं की डिस्क पुसून टाकतो."

"पण मी तर सगळं तपासत होते!"

"तपासायचा प्रोग्राम कवाचा हाय तुझा?"

"दुकान काढलं तेव्हाचा."

"मग त्याला ह्याची वळखच न्हाई. हा त्याच्यानंतर आलाय. प्रोग्रामच्या फाईलीत मोकळ्या जागा असत्यात, तिथं घुसतो. फाईल वाढत बी न्हाई, कळणार कसं? तुझ्या सीडीतनंच आला असंल. दर महिन्याला तपासायची नवी फ्लॉपी मागवावी लागती, प्रणिता. अन् कामाची प्रत बाहेर काढून ठेवावी लागती. ते असू दे. ज्यांनी आज लावलं न्हाई, त्यांना जाऊन सांग. लावू नका म्हणावं."

ती बूथमधून निघाली ती चप्पल फरफटवत गुरुजींच्या घराकडं पळाली. दारातूनच ओरडली, "गुरुजी, लावू नका!"

गुरुजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. नेहमीसारखी अंघोळ झालेली, कपाळाला विभूती.

"ये. बघ बरं, लाईट हाय, पंखा फिरतोय, मग हे कावून उघडंना?"

ती उंबऱ्यातच बसली. भिवराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

सिद्धाराम दोन दिवसांनी आला. त्यानं गुरुजींचा कॉम्प्युटर उघडला, मशीन सुरू करणारी चिपही व्हायरसनं बिघडवली होती, ती बदलली, पडदा उजळला. पण आत काही राहिलं नव्हतं. आपल्याकडची सगळी साधनं त्यानं लावून पाहिली. शेवटी हात पुसत म्हणाला, "गुरुजी, एक फ्लॉपी जरी भरून ठिवली असती..."

"हिनं फ्लॉपी घालू नको म्हणून सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, जे झालं तेवढंच. प्रणितानं मान वर केली नाही.

गावात बोलणं झालं. तिनंच रोग पसरवला, मुद्दाम पसरवला, दुरुस्तीच्या पैशांत तिचा हिस्सा आहे. शिकायला येणाऱ्या पोरी बंद झाल्या. तिनं तपासायची नवी फ्लॉपी मागवली, दर महिन्याला येईल अशी सोय केली. तपासून घ्यायला मात्र कुणी येईना. चौकात नवीन क्लास निघाला. तिथं फ्लॉप्या न तपासता या हातातून त्या हातात फिरत होत्या. ती सांगायला गेली तर मालक म्हणाला, "तू आमाला शिकवणार व्हय?" बाकावरची पोरं हसली.

जूनमध्ये ती गुरुजींकडं गेली. "परत लिहू. तुम्ही सांगा, मी टाइप करते. प्रत्येक पानाची प्रत काढते."

गुरुजींनी आठवून पाहिलं. नावं आली, बोलणं येईना. कुणी कसं सांगितलं होतं, तेच निघून गेलं होतं. सांगणाऱ्यांतली बरीच माणसंही आता नव्हती. दिंद्रुडला मंजुळाबाई तेवढ्या होत्या. दोघं जीपनं तिकडं गेले.

मंजुळाबाई उन्हात बसल्या होत्या. गुरुजी त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"मावशी, मागं तुमी विहिरीचं सांगितलं होतं. पाणी लागलं तवा समद्या गावानं काय केलं, ते परत सांगा."

म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं, मग सुनेकडं.

"कोन्ती विहीर? कोन्तं गाव?"

"आपलं गाव, मावशी."

"मी हितलीच हाय की," ती म्हणाली.

"सालभर झालं, काईच ध्यानात ऱ्हात न्हाई त्यांच्या," सून म्हणाली. तिनं चहा दिला. गुरुजींनी तो सगळा प्यायला, कप खाली ठेवला, म्हातारीच्या पाया पडले.

परतीच्या जीपमध्ये दोघं माणसांत दाटून बसले होते. केज जवळ आल्यावर प्रणिता म्हणाली, "गुरुजी, आणखी कुणी असेल. आपण शोधू. उद्या मी येते."

गुरुजी बाहेर बघत होते.

"न्हाई बाई. नको येऊ आता."

स्टँडवर ते उतरले आणि घराकडं चालू लागले. ती त्यांच्या मागोमाग थोडी गेली, मग थांबली.