चौदा हजार फुटांवरचा नारळ

आईशप्पथ, देवाशप्पथ, आणि ज्या सोफ्यावर बसून हे लिहितेय त्या सोफ्याचीसुद्धा शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं असेल तर माझी जीभ झडो आणि कवळी पाण्यात विरघळो. हे आधीच ओरडून सांगावं लागतं, कारण माझ्या नातवंडांनी मला बदनाम केलंय. मी तोंड उघडलं की विचारतात, "आजी, ही रिअल स्टोरी की आजी-स्टोरी?" ग्रोसरीच्या लाइनीत एका बाईला मी लहानपणी वाघिणीचं दूध प्यायल्याचं सांगितलं, तेव्हापासूनचं आहे हे. ते सोडा. ही गोष्ट रिअल.

आता मी फ्रिस्कोला लेकीकडे, दीपाकडे असते. सगळा सपाट मुलूख. इथे उंच म्हणाल तर पार्किंग लॉटमधला स्पीड ब्रेकर. पण चौऱ्याऐंशी साली आम्ही डेन्व्हरला होतो. भांडी घासताना सिंकवरच्या खिडकीतून डोंगरांची अख्खी रांग दिसायची, जूनपर्यंत बर्फ धरून बसलेली. त्यातल्या एका शिखरावर आमच्या ह्यांचा डोळा होता. ह्यांचं नाव गुरुदत्त, सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. शिखराची उंची चौदा हजार फूट. हिवाळाभर ऑफिसचे जिने चढून तयारी केली, बॅगेत विटा घालून.

सांगलीला माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ह्यांनी फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नारळ घेऊन जा."

"माई, तिथे देऊळ नाही गं. नुसते दगड आहेत."

"मग देव कशाचा असतो, बाळ?"

एवढे चाळिशीचे झाले तरी त्यांच्यासाठी बाळच. लहानपणी दरवर्षी त्याच तर ह्यांना कडेवर घेऊन जोतिबाचा डोंगर चढायच्या. डोंगर म्हणजे वर देव आणि देव म्हणजे नारळ, एवढा साधा हिशोब होता त्यांचा. ह्यांनीही मेक्सिकन दुकानात पंधरा नारळ कानाशी हलवून एक निवडला. पाच वर्षांत मायलेकांची भेट नव्हती. यंदा दिवाळीला जायचं ठरलं होतं, तेव्हा खोबऱ्याचा वाळवलेला तुकडा प्रसाद म्हणून न्यायचा होता.

निघायच्या दिवशी पहाटे हे गॅरेजमध्ये गाडी भरत होते. दीपा मैत्रिणीकडे राहायला गेलेली. मी दशम्या बांधत होते आणि फोन वाजला. माझे धाकटे दीर, श्रीरामभाऊजी. ट्रंक कॉल, विहिरीतून बोलल्यासारखा आवाज.

"वहिनी, माई गेली. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेली. आत्ताच नेऊन आलो."

मी काही बोलणार तोच म्हणाले, "शेवटी बाळूदादाचं नाव घेतलं. म्हणाली, वर जाऊन रेंगाळू नको म्हणावं बाळला, जेवण गार होतं."

मग खरखर आणि मग काहीच नाही.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. सांगायचं, लगेच सांगायचं, असंच ठरवून वळले. तर हे दारात उभे. हातात नारळ, त्याला शेंडी ठेवून बाकी सोललेला, चेहरा असा की जोतिबाला निघालेत.

"माईचा नारळ विसरलो असतो बघ. कोणाचा फोन?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. माईंना नेऊनसुद्धा झालं होतं. शनिवार होता, तिकीट सोमवारशिवाय हाती येणार नव्हतं. ह्यांच्या वडिलांची बातमी आली होती तेव्हा तशीच गाडी काढून गेले होते आणि पुलाच्या कठड्याला घासली होती. ही सगळी कारणं नंतर सुचली. तेव्हा एवढंच वाटलं, की ह्या माणसाची आई आणखी एक दिवस जिवंत राहिली तर कोणाचं काय जातं. डोंगर उतरून, गाडी घरी लावली की सांगू.

पण मला बातमी लागली होती. मी डोक्यावरून अंघोळ करून आले.

"पहाटे चारला केस धुतलेस?"

"देवाला जायचंय. पारोसं कसं जायचं?"

ह्यांना ते पटलं. ओले केस टॉवेलने पुसले, वेणी घातली आणि वर लोकरीची टोपी चढवली. सुतक ऐकणाऱ्याला लागतं. मला लागलं होतं, ह्यांना नव्हतं. एकाच गाडीत शेजारी-शेजारी बसलो होतो, आणि मध्ये ती बातमी. हे गाणं गुणगुणत होते.

वाटेत मोहनला घेतलं. मोहन नागपूरचा, ह्यांच्या ऑफिसातला, लग्न न झालेला, त्यामुळे रविवारी जेवायला आमच्याकडे. गाडीत बसल्या-बसल्या म्हणाला, "वहिनी, आज स्टोरी कोणती? ड्राइव्ह लांबचा आहे यार."

"झोप जरा," मी म्हटलं.

"बापरे. गुरू, वहिनींचा रेडिओ बिघडला."

झाडं संपेपर्यंत चढ बरा होता. त्याच्यावर नुसतं गवत, बारकी-बारकी जांभळी फुलं, आणि वारा. तिथे आम्ही दशम्या खायला बसलो. बोक्याएवढा जाडजूड प्राणी, मार्मट म्हणतात त्याला, दगडामागून आला, आमच्याकडे बघत-बघत पुढे झाला आणि चटणीचा डबा ओढून घेऊन गेला. हे पोट धरून हसले. लसणीची चटणी होती. दगडामागून त्याच्या शिंका ऐकू आल्या. खरंच आल्या, शप्पथ घेऊन झालीय माझी.

मोहन म्हणाला, "आता घरी जाईपर्यंत वहिनी याचं अस्वल करणार. दोन अस्वलं. आणि एकाला वहिनींनी लाटण्याने मारलं."

दोघं माझ्याकडे बघत थांबले. एवढी आयती दिलेली थाप, मी एरवी सोडली असती का?

"मार्मटच होता," मी म्हटलं, आणि डबे आवरायला लागले.

हे तेव्हा हसायचे थांबले. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग बूट बांधायला वाकले.

पुढे मोहनचं डोकं धरलं. उंचीवर धरतं तसं. उलटी झाली, चेहरा राखेसारखा. "तुम्ही जा यार, मी खाली गाडीशी थांबतो," म्हणून तो परत फिरला. आम्ही दोघंच राहिलो. पायवाट संपून नुसते दगड लागले, डगमगणारे, माणसाएवढे. प्रत्येक पावलाला दम लागायचा. आणि हे त्या दमातसुद्धा माईंबद्दलच बोलत होते. दिवाळीला नेऊन त्यांचे डोळे मिरजेला दाखवायचे. त्यांना इथे आणायचं का, थंडी सोसेल का.

"तुला काय वाटतं, माई येईल?"

"चढताना बोलू नका. दम लागतो."

ओल्या केसांचा गोळा टोपीत बर्फासारखा झाला होता. मानेवरची वेणी हाताला लागली तर काडीसारखी कडक. डोकं ठणकत होतं. मला वाटत होतं, मी एका माणसाला त्याच्या आईपासून लांब-लांब नेतेय, आणि तो मला हात देऊन वर ओढतोय.

शिखर म्हणजे काही नव्हतं. अंगणाएवढी दगडी जागा. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, राखाडी, एकावर माणूस नाही. पश्चिमेकडून ढग चढत होते, खालून काळे. खाली भेटलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, दुपारच्या आत खाली या, विजा पडतात. सिंहगड चढल्यासारखा चहा पिऊन, गप्पा मारत निघालेलो आम्ही. उशीरच झाला होता.

ह्यांनी बॅग उघडली. दगडांतला एक उभट दगड निवडला, बाटलीतलं पाणी घातलं, खिशातून कुंकवाची पुडी काढली. माझ्याकडे नारळ धरला.

"घे, तू लाव कुंकू."

मी हात मागे घेतले. "तुम्हीच करा."

"अगं, घरच्या बाईने लावायचं. माई लावायची."

"माझे हात गारठलेत."

"मग नुसता हात लाव नारळाला."

मी लावला नाही. लावता येत नव्हता. ते नारळ धरून तसेच बसले, मी मुठी बगलेत धरून उभी. वारा मधेच थांबला.

"कांचन," ते म्हणाले, "राँग नंबर कोणाचा होता?"

"मला काय माहीत?"

"एरवी तू मला सांगितलं असतंस, एका म्हाताऱ्याचा होता, त्याची मांजर हरवलीय आणि त्याला वाटलं तू पोलीस. राँग नंबरशी तू दहा मिनिटं बोलतेस. आज सकाळपासून तू एक थाप मारली नाहीस." मग माझ्या टोपीकडे बघितलं, टोपीखालच्या वेणीकडे. "डोक्यावरून अंघोळ केलीस. नारळाला हात लावत नाहीस. कोण गेलं?"

मी टोपी कानांवर ओढली.

"माई?"

मान हलवली की नाही आठवत नाही. त्यांनी नारळ हळूच खाली ठेवला, जणू तो झोपलाय. कुंकवाची पुडी वाऱ्याने उडाली. ते रडले नाहीत. नुसते बसून राहिले, पाय सरळ पसरून, लहान मूल बसतं तसे.

"कधी?"

"सकाळी. तिकडच्या."

"आणि मी इथे गाणी म्हणत होतो."

पहिला गडगडाट झाला तो आमच्या पायाखालून आल्यासारखा. मी म्हटलं, "अहो, उठा. खाली जाऊ. मग मला काय बोलायचं ते बोला."

"तू जा. मी बसतो जरा."

"ढग बघा."

"पाच वर्षं नाही गेलो, कांचन. आता कुठे घाई आहे? तू हो पुढे. मोहन आहे खाली."

आवाज अगदी शांत. त्या आवाजाने मी घाबरले, ढगांनी नाही. मग गारा पडायला लागल्या. आणि दगड गुणगुणायला लागले. हे तुम्हाला खोटं वाटेल, पण डोंगरावर जाणाऱ्या कोणालाही विचारा. वीज जवळ आली की दगडांतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येतो. माझ्या कानाजवळचे सुटे केस ताठ उभे राहिले. मी त्यांचा दंड धरून ओढलं. ते हलेनात. ऐंशी किलोचा माणूस आणि मी पन्नासची. मारलंसुद्धा मी त्यांना, पाठीवर, मुठीने. ते म्हणाले, "मार." बस्स.

तेव्हा मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "श्रीरामभाऊजींनी सांगितलंय. शेवटी तुमचं नाव घेतलं त्यांनी. म्हणाल्या, वर जाऊन रेंगाळू नको म्हणावं बाळला. जेवण गार होतं."

त्यांनी मान वर केली. "काय म्हणाली?"

"वर जाऊन रेंगाळू नको. जेवण गार होतं."

चेहरा कसा मोडतो ते मी तेव्हा बघितलं. सांगलीला गच्चीवर पतंग उडवायचे, तेव्हा माई जिन्याखालून हेच ओरडायच्या. लग्नानंतर, तिशीच्या मुलालासुद्धा. ते ढसढसा रडले आणि रडता-रडताच उठले. उठल्यावर आधी मला पुढे घातलं. नारळ तसाच राहिला, न फोडलेला, दगडांच्या बेचक्यात.

आम्ही त्या दगडांवरून बसत, घसरत उतरलो. मागे शिखरावर वीज पडली. मी बघितली नाही, नुसता उजेड बघितला, ह्यांच्या ओल्या पाठीवर. झाडं लागली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "तिने चहा तरी प्यायला होता का?"

"हो," मी म्हटलं.

गाडीशी मोहन थर्मास घेऊन उभा होता. "काय गुरू, फोडला का नारळ?" म्हणाला, आणि ह्यांचा चेहरा बघून पुढचं गिळलं. गाडी त्यानेच चालवली. पुढच्या वर्षी त्याच्या ओळखीचा एक गोरा त्या शिखरावर जाऊन आला आणि ऑफिसभर सांगत सुटला, की चौदा हजार फुटांवर नारळ उगवतो. हेही खरं आहे.

दहाव्याला नाही पोचलो, तेराव्याला पोचलो. कृष्णेला पाणी भरपूर होतं. घाटावरून परत येताना ह्यांनी श्रीरामभाऊजींना विचारलं, "राम्या, शेवटी माई माझ्याबद्दल नक्की काय म्हणाली रे? परत सांग."

भाऊजी चालायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, "तेच, वर जाऊन रेंगाळू नको, जेवण गार होतं." शाळेत गणित शिकवणारा माणूस तो, जन्मात कधी वेडंवाकडं न बोललेला. भाऊजींनी चपलेतला खडा काढला, परत चप्पल घातली.

"हो," ते म्हणाले. "असंच म्हणाली. दोनदा म्हणाली."

ह्यांनी पुढे वीस वर्षं ते सगळ्यांना सांगितलं. दीपाला, जावयाला, हॉस्पिटलमधल्या नर्सला इंग्रजीत. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "कांचन, मी गेलो की मी काय म्हणालो ते नीट सांग हं सगळ्यांना." आणि डोळा मिचकावला. तो का मिचकावला, हे मी स्वतःला विचारत नाही.

भाऊजीही मागच्या वर्षी गेले. आता सांगायला हरकत नाही. मार्मट खरा, त्याच्या शिंका खऱ्या, दगडांचं गुणगुणणं खरं, वेणी खरीच गोठली होती. फक्त त्या पहाटेचा फोन "आत्ताच नेऊन आलो" इथेच कट झाला होता. पुढचं मी वर गेल्यावर रचलं.